राजीनामा दिलाच नाही, तर सही कशाची?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात

हे वाचक मूळचे धुळ्याकडचे, सध्या नाशिकच्या सिडकोत भाड्याने राहतात. अंबडच्या एका कारखान्यात वाहनांचे सुटे भाग तयार होतात, तिथे ते सात वर्षं प्रेस मशीनवर आहेत. मशीन तेच, सुपरवायझर तोच, पण ठेकेदार आतापर्यंत तीन झाले. येत्या एक तारखेपासून चौथा येतोय. जुन्या ठेकेदाराच्या माणसाने सगळ्यांपुढे कागदांचा एक संच ठेवलाय: वर राजीनामा, खाली ‘फुल अँड फायनल हिशेब मिळाला’ अशी पावती. तारखेची जागा कोरी, रकमेची जागा कोरी, रेव्हेन्यू स्टॅम्प मात्र आधीच चिकटवलेला. सही केली तरच नव्या ठेक्यात नाव लागेल, असं सांगितलंय. ड्युटी बारा तासांची, वरचे चार तास साध्याच दराने मिळतात. पीएफ पगारातून कापला जातो, पण मधल्या ठेकेदाराच्या काळातले चौदा महिने पासबुकात दिसतच नाहीत. सासरे सातपूरच्या कंपनीतून परमनंट म्हणून निवृत्त झालेले, ते म्हणतात, ‘कंपनीशी वाकडं घेऊ नका.’ युनियनमधला मित्र म्हणतो, ‘केस टाक.’ मुलगी सहावीत आहे, गाडीचा हप्ता चालू आहे. वाचक विचारतात, ‘आम्ही काय, ठेकेदाराची माणसं. कायदे परमनंटवाल्यांचे. मग निमूट सही करू की भांडू?’

उत्तर

नमस्कार.

‘ठेकेदाराची माणसं’ हे शब्द तुमच्या पत्रात दोनदा आलेत. तुमची बाकीची सगळी भीती त्यांवरच उभी आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. ठेकेदारामार्फत लागलेला माणूस कायद्याच्या बाहेर असतो, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं कधीच नव्हतं. १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि जादा कामाला दुप्पट दर ठरवला. तो थेट लावलेल्या कामगाराला जसा लागू होता, तसाच मध्यस्थामार्फत लावलेल्यालाही. ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विम्याचं, तेच, १९५२ च्या भविष्य निर्वाह निधीचंही तेच. १९७० मध्ये तर खास कंत्राटी कामगारांसाठी वेगळा कायदा झाला. ठेकेदाराने पगार थकवला तर तो मूळ कंपनीने द्यायचा आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायचा, हे त्यात स्पष्ट होतं.

आता ‘ते सगळे कायदे गेले’ असं शॉप फ्लोअरवर कुणीतरी नक्कीच सांगितलं असेल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि २९ जुने केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले, हे खरं आहे. पण तुमच्या प्रश्नापुरतं पाहिलं तर पाया तोच राहिला आहे. जादा कामाला दुप्पट दर राहिला. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, हेही राहिलं. ठेकेदाराने पगार दिला नाही तर मूळ कंपनी जबाबदार, हेही राहिलं. उलट नेमणूकपत्र देणं आता बंधनकारक झालंय, आणि माणूस कामावरून गेला, मग तो काढला गेला असो वा स्वतः सोडून गेला असो, त्याचं थकलेलं वेतन कामाच्या दोन दिवसांत द्यावं लागतं. कंत्राटी कामगारांविषयीची खास कलमं जिथे ५० किंवा जास्त कंत्राटी माणसं आहेत तिथे लागतात. तुमच्या कारखान्यात एका पाळीलाच ऐंशी जण आहेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे तो प्रश्न नाही.

आता त्या कागदाकडे वळू. राजीनामा तुम्ही मागितला नाही, दिला नाही, उद्यापासून त्याच मशीनवर उभं राहायचंय. मग तो लिहून घेण्याची गरज कुणाला आहे? वर्षभरात २४० दिवस भरलेल्या कामगाराला कामावरून कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो, शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई. ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती, आता औद्योगिक संबंध संहितेत आहे. पण माणूस स्वतःहून सोडून गेला तर ती लागू होत नाही. तुमच्या सहीने नेमकं हेच साधतं: त्यांनी कमी केलेला माणूस कागदोपत्री ‘स्वखुशीने’ गेलेला होतो. पावतीच्या कोऱ्या रकमेचं वेगळं सांगायला नको. तिथे पुढे कोणताही आकडा भरता येतो.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की कोऱ्या तारखेवर आणि कोऱ्या रकमेवर सही करू नका. टेबलाशी वाद घालायची गरज नाही. ‘कागद घरी नेतो, वाचतो, उद्या आणून देतो’ एवढंच शांतपणे म्हणा. नेऊ दिला नाही तर मोबाईलवर फोटो काढा. तारीख स्वतःच्या हाताने, त्या दिवसाचीच घाला. रकमेच्या जागी प्रत्यक्ष मिळालेला आकडा लिहा, काही मिळालं नसेल तर ‘रक्कम मिळालेली नाही’ असं लिहा. सहीच्या वर एक ओळ टाका: ‘मी नोकरी सोडत नाही, ठेका बदलत असल्याने ही सही मागितली आहे.’

हे असं लिहिलेलं ते घेणार नाहीत, हेही मला माहीत आहे. मग दोनच गोष्टी उरतात, आणि इथे मी तुम्हाला हौतात्म्य पत्करायला सांगणार नाही. घरात एकाच पगारावर चूल पेटत असेल आणि सही नाही तर काम नाही अशी खरोखर वेळ आली, तर सही करणारा माणूस भित्रा ठरत नाही. पण त्याच संध्याकाळी ठेकेदाराला एक पत्र पाठवा आणि मूळ कंपनीच्या एचआरला त्याची प्रत द्या: अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, नव्या ठेक्यात नाव लागण्यासाठी माझ्याकडून कोऱ्या कागदावर सही घेतली, मी राजीनामा दिलेला नाही, मला हिशेबाची रक्कम मिळालेली नाही. स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपून ठेवा. ईमेल किंवा व्हॉट्सअॅपही चालेल, पण पोस्टही करा. सहा महिन्यांनी ‘जबरदस्तीने घेतली होती’ असं सांगणं आणि त्याच दिवशी लिहून ठेवलेलं दाखवणं यांत न्यायालयापुढे फार अंतर पडतं. मागच्या ठेकेदारांच्या वेळी अशा सह्या केल्या असतील, तरी त्याने पीएफ बुडत नाही. पीएफवरचा हक्क कुणाला लिहून देता येत नाही. वेतनाचंही तसंच आहे, १९३६ च्या वेतन कायद्यापासून हक्क सोडून देण्याचा करारच निरर्थक मानला गेला आहे.

पीएफबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण तुमचं सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतंय आणि तुम्ही ते पत्रात शेवटच्या दोन ओळींत उरकलंत. चौदा महिने तुमच्या पगारातून १२ टक्के कापले गेले. ते जमा झाले नसतील तर ती निव्वळ दिरंगाई नाही. कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा निधीत न भरणं कायद्याने गुन्हेगारी विश्वासघात ठरतो. शिवाय मालकाचाही तेवढाच हिस्सा असतो, त्यातला ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातो. पेन्शनला किमान दहा वर्षांची सेवा लागते. तुमची सात झाली, पण पासबुकात चौदा महिने नसतील तर पाच वर्षं दहा महिनेच आहेत.

आधी मात्र खात्री करा. असं खूपदा होतं की ठेकेदाराने माणसाचा जुना यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर) न वापरता नवाच काढलेला असतो, आणि पैसे त्या दुसऱ्या नंबरावर पडून असतात. त्या काळातली पगार-स्लिप शोधा, तिच्यावर यूएएन छापलेला असतो. तो पासबुकातल्या नंबराशी जुळतो का पाहा. उमंग अॅपवर पासबुक दिसतं, नोंदवलेल्या मोबाईलवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल दिला तरी शिल्लक कळते. दोन यूएएन निघाले तर जुनी खाती सध्याच्या नंबराखाली वर्ग करून घ्या. पैसे भरलेच नसतील तर सातपूरच्या भविष्य निधी कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि प्रतीवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. ऑनलाइन तक्रारही करता येते. ठेकेदार गायब झाला असला तरी त्याच्या माणसांच्या पीएफची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, म्हणून तक्रारीत तिचं नाव घालायला विसरू नका.

आणि दोन ठेक्यांमधल्या ब्रेकमध्ये पीएफ काढून घ्यायची जी सवय आपल्याकडे सगळ्यांना लागलीय, ती सोडा. ‘ठेका संपला, फॉर्म भरून दे, पैसे मिळतील’ असं सांगणारे भेटतात, आणि दिवाळीच्या तोंडावर ते तीस-चाळीस हजार खूप मोठे वाटतात. पण पेन्शनची रक्कम काढून घेतली की तेवढी सेवा पुसली जाते. पाच वर्षांची सलग सेवा व्हायच्या आत पैसे काढले तर करही लागू शकतो. दर दोन वर्षांनी असं करत गेलेला माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शनशिवाय उभा राहतो. असे कितीतरी लोक अंबडला आणि सातपूरला आहेत, मला त्यांची पत्रं येतात, आणि त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नसतं.

जादा कामाचा हिशेब तुम्ही केलेला नाही, तो करू. तुमचा पगार महिन्याला १५,६०० आहे. २६ दिवसांनी भागले की दिवसाला ६००, तासाला ७५. वरच्या चार तासांचे तुम्हाला ३०० मिळतात, मिळायला हवेत ६००. महिन्यातून वीस दिवस अशी ड्युटी होते असं लिहिलंय, म्हणजे महिन्याला ६,००० रुपये कमी पडतात. गाडीचा हप्ता यातून भरून वर उरेल. काहीजण म्हणतील, आता बारा तास कायदेशीरच झालेत. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर आणि तीन महिन्यांतल्या जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेण्याला मंजुरी दिली, ती कामगाराच्या लेखी संमतीच्या अटीवर. पण त्यातही जादा तासांचा दर दुप्पटच आहे, आणि तुमचे तीन महिन्यांचे जादा तास भरतात २४०. म्हणजे वाढवलेल्या मर्यादेतही तुमची ड्युटी बसत नाही.

वेतन संहितेप्रमाणे अशा दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. जुन्या कायद्याखाली ती बरीच कमी होती, त्यामुळे मागचे नेमके किती महिने धरता येतील ते वकिलाला विचारा. दाव्यात एक गोष्ट कामगाराच्या बाजूची आहे: पैसे दिले, हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर येते. पण तुम्ही ते तास काम केलं, हे कुठेतरी दिसायला हवं. म्हणून आजपासून एक वही करा. तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, मशीन, त्या पाळीचा सुपरवायझर. व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री येणारी ‘उद्याची पाळी’ची यादी सेव्ह करा. गेटपासचा फोटो, सेफ्टी ट्रेनिंगच्या हजेरीचा फोटो, कॅन्टीनचं कूपन, बँकेचं स्टेटमेंट, ईएसआयचं कार्ड, सगळं एका पिशवीत. तुमच्यासारख्या माणसाची केस हरते ती बहुतेकदा कायदा कमी पडतो म्हणून नाही, तर सात वर्षं काम केल्याचा त्याच्या हातात एकही कागद नसतो म्हणून.

‘२४० दिवस भरले की परमनंट’ या समजुतीवर मात्र विसंबू नका. तुमचा मित्र याच भरवशावर केस टाकायला सांगतोय. २४० या आकड्याला कायद्यात वजन आहे, नोटीस आणि भरपाईसाठी आहे, आणि ब्रेक दिले जातात तेही त्याच धास्तीने. पण ठेकेदाराचा कामगार केवळ दिवस भरल्याने मूळ कंपनीचा होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्टील अॅथॉरिटीच्या प्रकरणात सांगितलं, की कंत्राटी पद्धत बंद झाली तरी कामगार आपोआप कंपनीत सामावला जात नाही. ठेका निव्वळ देखाव्यापुरता आहे, प्रत्यक्षात हुकूम, देखरेख, शिस्त सगळं मूळ कंपनीचंच आहे, असं सिद्ध झालं तर चित्र बदलतं. तुमच्या बाबतीत तसं म्हणायला जागा आहे: तीन ठेकेदार बदलले आणि सुपरवायझर तोच राहिला. नव्या संहितेत कारखान्याच्या मुख्य कामासाठी कंत्राटी कामगार लावायला मनाई आहे, पण तिला अपवादही आहेत. ही लढाई लढता येते, पण ती वर्षानुवर्षं चालते आणि एकट्या माणसाने, हप्ते चालू असताना, सुरुवात तिथून करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सासऱ्यांचं म्हणणंही पोकळ नाही. तक्रार करणाऱ्याचं नाव एका ठेकेदाराकडून दुसऱ्याकडे जातं, एमआयडीसीत हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यांना परमनंटची नोकरी, निवृत्तीला ग्रॅच्युइटी आणि पेन्शन मिळालं ते गप्प राहून नव्हे. त्यांच्या पाळीत युनियन होती आणि मागण्या एकेकट्याच्या नव्हत्या. मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी हजारो कामगारांना एकत्र आणून मागितली म्हणून. म्हणूनच निमूट सही आणि कोर्ट यांच्या मधली वाट मी तुमच्यापुढे ठेवतो.

तुमच्याच ठेक्यातले, पासबुकात खड्डा असलेले आणखी चार-पाच जण गोळा करा. बाहेरगावचे, यूपी-बिहारचे मित्र असतील तर त्यांनाही घ्या, त्यांचे महिने बहुधा जास्त बुडालेले असतात. सगळ्यांच्या सहीचं एकच पत्र ठेकेदाराला द्या, प्रत मूळ कंपनीच्या एचआरला. त्यात परमनंट करा असं लिहू नका, धमकी नको, शेरेबाजी नको. तीनच मागण्या: राहिलेले पीएफचे महिने भरा, जादा तासांचा फरक द्या, आणि आजवरच्या कामाचा अनुभवाचा दाखला द्या. हा दाखला मागितला तर ठेकेदाराने द्यायचा, असं संहितेतच आहे. मूळ कंपनीला पीएफची थकबाकी आपल्या अंगावर येईल ही भीती असते, ठेकेदाराचं शेवटचं बिलही अजून तिच्याच हातात असतं. त्यामुळे बरीच प्रकरणं इथेच मिटतात, म्हणूनच हे पत्र जुन्या ठेकेदाराचा हिशेब पूर्ण व्हायच्या आत जायला हवं.

नाहीच मिटलं तर पीएफसाठी सातपूरचं कार्यालय आणि वेतनासाठी कामगार उपायुक्तांचं कार्यालय. तिथे तक्रार युनियनच्या लेटरहेडवर गेली तर एकट्याचं नाव पुढे येत नाही, यासाठी मित्राचा खरा उपयोग होईल. वकिलाच्या फीची धास्ती घेऊ नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज मिळतो. ही सोय असूनही कामगार तिकडे फिरकत नाहीत, हे पाहून मला दरवेळी वाईट वाटतं.

सिन्नर, गोंदे, दिंडोरीकडूनही अशीच पत्रं येतात, त्यात पॅकिंग विभागातल्या ताईंची पुष्कळ. त्यांच्यासाठी दोन गोष्टी. रात्रपाळी तुमच्या संमतीशिवाय लावता येत नाही. आणि २१,००० पर्यंत पगार असेल तर ईएसआय लागू होतं. तुमचा हिस्सा पाऊण टक्का, मालकाचा सव्वातीन. पगारातून तो कापला जात असूनही हातात कार्ड नसेल, तर आजारी पडायच्या आधीच चौकशी करा. बांधकामावरच्या मजुरांनी वर्षातले ९० दिवस काम केल्याचा दाखला घेऊन कल्याणकारी मंडळात नाव नोंदवावं, त्यांचे नियम वेगळे आहेत, त्यावर स्वतंत्रपणे लिहीन.

राहता राहिला नवा ठेकेदार. त्याच्याकडून पहिल्याच दिवशी नेमणूकपत्र मागा. त्यात रुजू झाल्याची तारीख, पद, पगार आणि तुमचा सध्याचाच यूएएन असायला हवा. ठरावीक मुदतीच्या करारावर घेत असतील तर मुदत नीट वाचा, कारण तशा नेमणुकीत आता वर्षभराच्या सेवेनंतरही ग्रॅच्युइटी लागू होते, पूर्वीसारखी पाच वर्षं थांबावं लागत नाही. पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पहिला पीएफ भरला जायला हवा. सोळाला पासबुक उघडून पाहा, आणि तिथे काय दिसलं ते मला कळवा.